बांकाबाई, मारबत आणि इतिहासातली माणसे

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत माणसे थोडी आणि कारणे फार असतात. ‘१८५७ च्या उठावाची कारणे लिहा’, ‘तैनाती फौजेचे परिणाम सांगा’, ‘टिपा लिहा, कोणत्याही दोन’. राजकीय कारणे, आर्थिक कारणे, सामाजिक कारणे, धार्मिक कारणे आणि शेवटी तात्कालिक कारण अशी पंगत मांडली की दहापैकी सहा-सात गुण कुठे जात नाहीत. या पद्धतीवर रागावण्याचा मला अधिकार नाही. तिच्याच जोरावर मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत येऊन पोहोचलो आहे. पण वर्गात एक गोष्ट मी नेहमी पाहतो. सीताबर्डीच्या लढाईची कारणे सुरू झाली की मागची बाके पेंगू लागतात. त्याच तासाला सरांनी सहज बोलता बोलता सांगितले की १८१८ साली इंग्रजांच्या कैदेत अलाहाबादकडे नेले जात असताना अप्पासाहेब भोसले शिपायाच्या वेशात छावणीतून निसटले, की तीच बाके ताठ होतात. मग काय झाले सर? मग महादेवाच्या डोंगरात गोंडांचा आश्रय, तिथून असीरगड, पुढे पंजाब, आणि शेवटी जोधपूर. नागपूरची गादी परत मिळवण्याची आशा धरून फिरलेला हा माणूस १८४० साली जोधपुरात वारला. घंटा होऊन गेलेली असते, पण कुणी उठत नाही.

याला काही जण ‘गोष्टीची हौस’ म्हणतात आणि नाक मुरडतात. गोष्टी प्राथमिक शाळेत, महाविद्यालयात विश्लेषण, अशी त्यांची वाटणी आहे. मला ही वाटणी मान्य नाही. ज्या शिपायाच्या कपड्यांत अप्पासाहेब बाहेर पडले तो शिपाई कोण, त्याने जोखीम का पत्करली, डोंगरातल्या गोंडांनी पदच्युत राजाला थारा का दिला, हे प्रश्न एका माणसाच्या पळण्यातून आपोआप उभे राहतात. ‘तैनाती फौजेचे परिणाम’ या मथळ्याखाली ते कधीच उभे राहत नाहीत. एका आयुष्याचा धागा ओढला की सबंध कापड हाताला लागते, असे माझे प्रामाणिक मत आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ मी दूरचे दाखले न देता आपल्या गावचाच दाखला देणार आहे.

आपण सक्करदऱ्यात शिकतो. तलाव, बुधवार बाजार, उमरेड रस्त्यावरची गर्दी, पलीकडे रघुजीनगर आणि छोटा ताजबाग हा आपला रोजचा परिसर. ज्या रघुजींच्या नावाने नगर वसले त्या भोसल्यांचा आपल्या शेजारी वाडा आहे, हेही सर्वांना ठाऊक असते. आपल्यापैकी बहुतेकांना भोसल्यांविषयी निश्चित अशा दोनच गोष्टी माहीत असतात. एक, तान्हा पोळा त्यांनी सुरू केला असे म्हणतात. आणि दुसरी, भोसल्यांच्या घरातली एक बाई इंग्रजांना सामील झाली, म्हणून तिची काळी मारबत काढतात.

मारबत नागपूरकराला समजावून सांगावी लागत नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी दोन ओळी. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कागद-बांबूच्या अजस्र स्त्रीमूर्ती वाजतगाजत निघतात. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची मानतात. पिवळी जागनाथ बुधवारीतून येते, इतवारीत दोघींची गाठ पडते, रोगराई आणि इडापिडा घेऊन जा म्हणून आरोळ्या उठतात आणि शेवटी त्यांचे दहन होते. बरोबर बडगे असतात. त्यांच्यावर त्या त्या वर्षाचे भ्रष्टाचार, महागाई आणि पुढारी लिहिलेले असतात. नागपूरचा असा मोकळा, टवाळ, लोकांच्या हातचा दुसरा सण नाही, आणि तो मला मनापासून आवडतो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते सणाविरुद्ध आहे असे कृपया कुणी समजू नये.

माझा मुद्दा बांकाबाईंविषयी आहे. लोकांच्या तोंडी त्या बाकाबाई. काळी मारबत म्हणजे बांकाबाईच, असे मिरवणुकीत उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल. काय केले त्यांनी, असे विचारले तर ‘फितूर झाली’ एवढे उत्तर मिळते. त्यापुढे काही मिळत नाही. म्हणून मी ग्रंथालयात जाऊन या बाईंचे आयुष्य जमेल तेवढे जुळवून पाहिले. यादव माधव काळ्यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ सालचा आहे. आपल्याकडे तो फारसा कुणी उघडत नाही. तो, गॅझेटियर आणि सत्तावनवरची एकदोन पुस्तके एवढ्यावर माझा पुढचा मजकूर उभा आहे.

बांकाबाई या दुसऱ्या रघुजींच्या राणी. १८०३ साली आडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि देवगावच्या तहाने कटक आणि वर्धेपलीकडचा मुलूख गेला, तेव्हा त्या या घरात होत्या. १८१६ साली रघुजी वारले. गादीचे वारस परसोजी शरीराने आणि मनाने पंगू. त्यांच्या नावाने कारभार कुणी पाहायचा यावरून वाड्यात झगडा झाला. त्यात एका बाजूला बांकाबाई होत्या आणि दुसऱ्या बाजूला अप्पासाहेब. अप्पासाहेब जिंकले. १८१७ च्या आरंभी परसोजींचा खून झाला आणि अप्पासाहेबच राजे झाले. त्याच वर्षी २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली आणि तीत नागपूरचे स्वातंत्र्य गेले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी दुसऱ्या रघुजींच्या मुलीच्या मुलाला, एका लहान पोराला, गादीवर बसवले. हेच तिसरे रघुजी. राज्य चालवायला रेसिडेंट जेंकिन्स. मुलाला वाढवायला आणि वाडा सांभाळायला बांकाबाई.

इथे क्षणभर थांबून पाहावे. पंधरा वर्षांत या बाईंनी दोन पराभव, नवऱ्याचा मृत्यू, एक खून आणि एक पदच्युती पाहिली. त्यांच्या पदरी एक नातू उरला, आणि तो नातू राजा आहे की नाही हे शिबंदी ठरवत नव्हती, रेसिडेन्सी ठरवत होती. हे ज्ञान त्यांना कुणी पुस्तकातून दिलेले नव्हते.

तो नातू मोठा झाला, राज्य केले, आणि ११ डिसेंबर १८५३ रोजी पुत्रहीन वारला. राण्यांनी दत्तक घ्यायची परवानगी मागितली. डलहौसीने ती दिली नाही. १८५४ साली राज्य खालसा झाले. पुढचा प्रकार आपल्या पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येतो, पण तो सविस्तर वाचण्यासारखा आहे. राजवाड्याचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात काढले. जडजवाहीर कलकत्त्याला गेले आणि तिथे विकले गेले. वाड्यातले सामान हलवू लागले तेव्हा वाड्यालाच आग लावण्याची धमकी राणीवशातून आली, अशी हकीकत सत्तावनच्या इंग्रजी इतिहासात आहे. राण्यांनी वकील थेट लंडनला पाठवले. त्याचा उपयोग झाला नाही.

तीन वर्षांनी सत्तावन साल उजाडले. १३ जूनच्या रात्री नागपूरजवळ टाकळीच्या घोडदळाने उठण्याचा बेत केला होता. तो फुटला आणि फसला. काही जणांना फाशी झाली. या वेळी सत्तरी ओलांडलेल्या बांकाबाईंनी आपले सारे वजन इंग्रजांच्या बाजूने टाकले, आपल्या माणसांना उठावात पडू दिले नाही, हे खरे आहे. त्याबद्दल वाद नाही. १८५८ साली त्या वारल्या. १८६० साली इंग्रज सरकारने दत्तक पुत्र जानोजींना मान्यता दिली, सातारा जिल्ह्यातल्या देऊर गावाच्या नावाने ‘राजाबहादूर’ हा किताब दिला. बांकाबाईंच्या हिशेबाला फळ आले, पण ते पाहायला त्या नव्हत्या.

आता मला विचाराल, ही बाई निर्दोष होती का? मी तसे म्हणत नाही. ज्यांना फाशी झाली त्यांनाही बायकामुले होती आणि त्यांनाही काही एक दिसत होते, जे बांकाबाईंना दिसले नाही किंवा बघायचे नव्हते. तुमचे घर तुमच्या देखत लिलावात निघाले आणि तीन वर्षांनी लिलाव करणाऱ्याच्याच बाजूने तुम्ही उभे राहिलात, हे मला पूर्णपणे पटवून घेता येत नाही. पण समजून घेता येते. १८०३ आणि १८१७ ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला १८५७ मध्ये काय दिसले असेल? आपण नव्वद वर्षांनंतरच्या १९४७ च्या उजेडात त्यांच्याकडे पाहतो. त्यांच्या समोर तो उजेड नव्हता. समोर होता सीताबर्डीचा किल्ला आणि त्यावरच्या तोफा.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या साली हिंदुस्थानात स्वस्थ बसलेले किंवा इंग्रजांना फौज पुरवणारे राजे, नवाब, सरदार कितीतरी होते. त्यांतल्या पुष्कळांच्या वंशजांना मानाची खुर्ची मिळाली, काहींच्या नावाने रस्ते झाले. वर्षानुवर्षे जाळायला नेमकी एक म्हातारी विधवा सापडावी, हा योगायोग नाही. आपल्या समाजाला राजकारणात पडलेली बाई देवी म्हणून चालते किंवा अवदसा म्हणून चालते. हिशेब करणारी, चुकणारी, थकलेली बाई म्हणून चालत नाही. बरे, बांकाबाई गेल्या १८५८ साली आणि काळी मारबत निघू लागली १८८१ साली. मधल्या तेवीस वर्षांत ही बाई रोगराईच्या बाहुलीत कशी मिसळली, हा एम.ए.च्या प्रबंधाचा सुंदर विषय आहे. आपल्यापैकी कुणी तरी घ्यावा.

चरित्राचा अभ्यास म्हटले की आपल्याकडे ताबडतोब थोरांची चरित्रे डोळ्यांसमोर येतात. जयंतीच्या दिवशी व्यासपीठावरून जी ऐकायला मिळतात ती. त्यांविषयी माझी तक्रार मारबतीविषयीच्या तक्रारीसारखीच आहे. पुतळा धातूचा असतो आणि मारबत कागद-बांबूची, पण आतून दोन्ही पोकळ. ज्याला हार घालायचा त्याचे आत काय चालले होते हे विचारायचे नाही, आणि ज्याला जाळायचे त्याचेही नाही. प्लुटार्क हा जुना ग्रीक चरित्रकार दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून गेला की माणसाचा स्वभाव मोठ्या लढाईपेक्षा कधी कधी एखाद्या लहानशा बोलण्यात किंवा थट्टेत अधिक दिसतो. आपल्या भाषणांत नेमके तेच गाळलेले असते. थोर पुरुष कधी घाबरले नाहीत, त्यांचा कधी निर्णय चुकला नाही, त्यांना कधी पैशाची चणचण भासली नाही. मग ते आपल्या काय कामाचे?

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. ताजुद्दीनबाबांचे नाव घेतल्याशिवाय उमरेड रस्त्यावरून रिक्षा पुढे जात नाही. १८६१ साली कामठीला जन्मलेला हा मनुष्य फौजेत शिपाई होता. १८९२ साली त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले आणि सोळा वर्षे ते तिथे राहिले. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी हमी देऊन त्यांना बाहेर काढले आणि सक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवले. १९२५ साली ते निवर्तले. भक्तांच्या पोथीत अवतार, इस्पितळाच्या नोंदवहीत एक रुग्ण आणि पलटणीच्या हजेरीपटावर एक शिपाई: एकाच माणसाचे हे तीन कागद. भक्ताने पहिला कागद वाचावा, त्याला कुणी हरकत घेऊ नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवता आले पाहिजेत. आणि चौथाही: राज्य गेलेल्या घराण्यातल्या एका हिंदू राजाला, पागलखान्यातल्या एका मुसलमान फकिराची हमी घ्यावीशी का वाटली? या एका प्रश्नात त्या काळच्या नागपूरविषयी जितके आहे तितके जातीय सलोख्यावरच्या वीस निबंधांत नसेल.

आता प्राध्यापक मंडळींचा आक्षेप. तो मी वर्गात ऐकला आहे आणि तो हलका नाही. ते म्हणतात, माणसे इतिहास घडवत नाहीत, शक्ती घडवतात. उदाहरण म्हणून एम्प्रेस मिल घ्या. अमेरिकेत यादवी युद्ध झाले, १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात गेला. १८६७ साली नागपूरला आगगाडी आली. आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची मिल सुरू झाली. यात जमशेटजी नसते तर दुसरा कुणी असता. मान्य. कापसाचा भाव का चढला हे जमशेटजींच्या चरित्रातून कळणार नाही.

पण शक्ती घरात कशी शिरते ते शक्तीच्या हिशेबातून कळत नाही. आमच्या गल्लीत एक काकाजी आहेत, मिलमधून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा हातमागावर साड्या विणायचे, वडील मिलमध्ये गेले आणि स्वतः काकाजीही. मी त्यांना म्हटले, काकाजी, तुमची हकीकत सांगा, मला लिहून घ्यायची आहे. ते हसले. “काय लिहून घेतं बाप्पा! आमचा कायचा इतिहास? भोंगा वाजला का निंघा, अन् पाळी सुटली का घरी या.” मग हळूहळू बोलू लागले. आजोबांचा माग घरातच होता, त्यामुळे आजी, आत्या, पोरे सगळी कामात असत. कांडी भरणे, ताणा घालणे. बाप मिलमध्ये गेला तसा घरातला माग निघाला, आणि माग निघाला तशी आजी रिकामी झाली. “आजी म्हने, पयले मी घरची मालकीन होती, आता पोराच्या पगाराची वाट पाहनारी झाली.” औद्योगिकीकरणाचा स्त्रियांच्या आर्थिक स्थानावर झालेला परिणाम हा प्रश्न मला दोनदा परीक्षेत आला आहे. दोन्ही वेळा मी तो पाठ केलेल्या मुद्द्यांवर सोडवला. तो मला समजला तो काकाजींच्या ओसरीवर. पुढे २००२ साली मिलचा भोंगाही बंद झाला. त्याविषयी काकाजी फार बोलत नाहीत. पण सकाळी त्याच वेळेला अजून जाग येते म्हणतात.

सामान्य माणसाचे आयुष्य इतिहासात आणावे ही कल्पना युरोपातून आली असे कुणी सांगितले तर त्यावर एकदम विश्वास ठेवू नये. कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७६ साली सोळाव्या शतकातल्या एका गिरणीवाल्यावर सबंध पुस्तक लिहिले आणि जगभर त्याचे नाव झाले, हे खरे. धर्मन्यायालयाने त्या गिरणीवाल्याची दोनदा चौकशी करून त्याला देहदंड दिला होता. त्या चौकशीच्या कागदांतून गिन्झबर्गने त्याचे वाचन, त्याचे विचार, त्याचा हट्टीपणा उभा केला. पुस्तक थोर आहे. पण मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथच मुळी चरित्र आहे आणि तो आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला झाला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते गावोगाव हिंडून, ज्याने पाहिले-ऐकले त्याला गाठून, विचारून. चरित्र चक्रधरस्वामींचे, पण त्यात प्रश्नांवर प्रश्न विचारणारी महदाइसा आहे, भिक्षेला जाणारी, भांडणारी, रुसणारी माणसे आहेत, वाटेवरचे चोर आहेत, गुराखी आहेत. मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली आणि अनुयायांनी आठवणींतून ग्रंथ पुन्हा उभा केला. तेव्हा एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणी निघाल्या, तर त्यांनी एक ठेवून बाकीच्या फेकल्या नाहीत. पाठभेद नोंदून ठेवले. तोंडी इतिहासाचे शास्त्र म्हणून आज जे शिकवतात त्यातला अर्धा भाग तरी हाच आहे.

त्याच परंपरेतले एक अलीकडचे काम नागपूरशी जोडलेले आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली काढले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन भेटून त्यांनी ते लिहिले. त्यात जाईबाई चौधरींची हकीकत आहे. जाईबाई १८९२ साली उमरेडला जन्मल्या, म्हणजे आपल्या दारावरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. नवव्या वर्षी लग्न. घरात दारिद्र्य, रेल्वेच्या उतारूंची ओझी डोक्यावर घेऊन हमाली करावी लागे. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या नजरेला ही मुलगी पडली. त्यांनी तिला शिकवले, महिना चार रुपयांवर शिक्षिका नेमले. ती महार असल्याचे कळताच लोकांनी मुले काढून घेतली आणि नोकरी गेली. १९२२ साली जाईबाईंनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची स्वतःची शाळा काढली. पुढे १९३७ साली नागपुरात भरलेल्या महिला परिषदेत त्यांना जेवायला वेगळे बसवले गेले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांनी निषेधाची सभा घेतली.

‘स्त्री शिक्षणाची चळवळ’ या प्रकरणात जाईबाई कुठे बसतात? आपल्या पुस्तकात ‘सुशिक्षित उच्चवर्णीय स्त्रियांनी पुढाकार घेतला’ असे एक वाक्य असते, आणि ‘दलितांमध्येही जागृती झाली’ असे दुसरे. जाईबाई दोन्ही वाक्यांच्या मधल्या फटीत उभ्या आहेत: परिषदेत बोलावलेल्या, आणि पंगतीत वेगळ्या काढलेल्या. एकट्या त्यांच्या आयुष्याने ती दोन्ही वाक्ये खोटी पडत नाहीत, पण पुन्हा लिहावी लागतात. वसंत मून यांचे ‘वस्ती’ हे १९९५ सालचे आत्मकथन सीताबर्डीजवळच्या वस्तीचे आहे. ते वाचतानाही मला हाच अनुभव आला. पहिलवान, भजनी, बिडी वळणाऱ्या बाया, शाळेत जाणारी पोरे. चळवळ ही त्यांच्या अंगणातून चालत गेलेली दिसते.

अर्थात सामान्य माणसाच्या आठवणीवर डोळे मिटून विसंबून चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एक आजी १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला दीक्षाभूमीवर होत्या. वय सहा वर्षे. मी त्यांना विचारले, बाबासाहेब काय बोलले ते आठवते का? त्या म्हणाल्या, “कायचे बाबासाहेब दिसते बाबू! बापाच्या खांद्यावर होती मी, तरी निस्ते डोस्केच डोस्के. तहान लय लागली होती थे आठवते. अन् मायचं पांढरं लुगडं आठवते. नवं होतं. मंग दरसाली त्याच दिवशी नेसे, बाकी दिवस पेटीत.” भाषणाचा मजकूर हवा असेल तर तो छापील मिळतो, आजींकडे तो मागणे ही आपली गैरसमजूत. लुगड्याची नोंद मात्र छापील मिळत नाही. एका बाईने धर्मांतराचा दिवस आयुष्यभर कसा जपला, हे त्या पेटीतून कळते. कोणत्या साक्षीदाराला काय विचारावे हे समजणे म्हणजेच इतिहासाचे निम्मे शिक्षण आहे. तारीख कागदाला विचारावी, तहान माणसाला.

आणि हे काम थांबवून ठेवण्यासारखे नाही. काकाजींची पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे. भोंग्यावर उठलेली, घरातला माग निघताना पाहिलेली, पांढऱ्या लुगड्याची घडी मोडताना पाहिलेली माणसे आणखी किती वर्षे सांगायला असतील, हे आपण सगळे जाणतो. बांकाबाईंना जवळून पाहिलेल्या एखाद्या दासीला १८६० च्या सुमारास कुणी जाऊन विचारले असते, की बाई त्या जूनच्या रात्री वाड्यात काय बोलणे झाले, तर आज आपल्याला मारबतीवर अवलंबून राहावे लागले नसते.

म्हणून इतिहास अभ्यास मंडळापुढे मी एक सूचना ठेवतो. दरवर्षी आपण एका किल्ल्याची सहल काढतो, ती काढावीच. त्याबरोबर अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या एका साठीपुढच्या व्यक्तीची हकीकत एका दोनशेपानी वहीत उतरवून द्यावी. त्यांच्याच बोलीत, त्यांना विचारून, आणि त्यांना नको असेल ते नाव गाळून. जिथे तारीख आहे तिथे ती वर्तमानपत्राशी किंवा सरकारी कागदाशी ताडून समासात लिहावी. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर म्हाइंभटांच्या परंपरेप्रमाणे दोन्ही ठेवाव्यात. पुढच्या तान्ह्या पोळ्याला चार जणांनी इतवारीत जाऊन मारबत बांधणाऱ्या मंडळींनाही भेटावे. त्यांच्या घरात बांकाबाईंविषयी काय सांगत आले ते लिहून घ्यावे.

काकाजींची वही माझी जवळजवळ पूर्ण झाली आहे. आजींची अर्धी. ग्रंथपालांशी मी बोललो आहे. इतिहासाच्या कपाटात खालचा खण रिकामा करून देतो म्हणाले.